मराठी संकेतस्थळासाठी उबंटूचे पीएचपी ८.३ पॅकेज: निवड आणि उभारणी

निफाड-दिंडोरी भागातील द्राक्ष बागायतदारांसाठी आम्ही नाशिकहून चालवत असलेल्या संकेतस्थळाकरिता उबंटू २४.०४ या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणारे पीएचपी ८.३ (संकेतस्थळाची पाने तयार करणारी प्रोग्रामिंग भाषा) निवडले, आणि ती निवड योग्यच ठरली. पीएचपी ७.४ चा अधिकृत आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपल्याने त्यावर राहण्यात अर्थ नव्हता. ८.४ घ्यायचे तर उबंटूबाहेरचे पॅकेज-भांडार (सॉफ्टवेअर उतरवण्याचे ठिकाण) जोडावे लागते. उबंटूच्या आपल्या पॅकेजला मात्र सुरक्षा दुरुस्त्या २०२९ पर्यंत नेहमीच्या अपडेटमधूनच मिळतात. सर्व्हर सांभाळायला पूर्णवेळ माणूस नसलेल्या लहान संस्थेने नव्या सुविधांपेक्षा याच गोष्टीला महत्त्व द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्व्हरवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर (पाने वाचकाला पोहोचवणारा प्रोग्राम) असेल, तर नुसते 'पीएचपी' हे पॅकेज मागू नये, कारण त्याच्यापाठोपाठ अपाचे हा दुसरा वेब सर्व्हरही येतो आणि संकेतस्थळाच्या विनंत्या येतात त्या ८० क्रमांकाच्या पोर्टवरून दोघांत तंटा होतो. एफपीएमचे (एनजिनएक्ससाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेचे) पॅकेज नाव घेऊन मागितले, की हा प्रश्नच उद्भवत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. एमबीस्ट्रिंग (अनेक बाइटची अक्षरे हाताळणारे पीएचपीचे एक्स्टेन्शन) मूळ पॅकेजमध्ये नसते, ते स्वतंत्रपणे बसवावे लागते, आणि मराठी मजकुरासाठी तर ते अनिवार्यच आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे 'द्राक्ष' या शब्दाची लांबी साधे फंक्शन २१ सांगते, तर एमबीस्ट्रिंगचे ७. साध्या फंक्शनने 'पिंपळगाव बसवंत' हे नाव यादीच्या रकान्यात बसवण्यासाठी कापले, तर काप एखाद्या चिन्हाच्या मधोमध पडून शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उमटू शकतो. मराठी वर्णक्रम हवा असेल, तर इंटल हे भाषेनुसार क्रम लावणारे एक्स्टेन्शनही त्याच वेळी घ्यावे.

शेतकऱ्यांनी फोनवरून पाठवलेल्या घडांच्या फोटोंसाठी मूळ मर्यादा फारच तोकड्या आहेत: एनजिनएक्सची १ एमबी, पीएचपीची प्रत्येक फाइलला २ एमबी आणि संपूर्ण फॉर्मला ८ एमबी. एकच वाढवून भागत नाही. शिवाय पीएचपीच्या मर्यादा एफपीएमच्या फोल्डरमधील पीएचपी डॉट आयएनआय फाइलमध्ये बदलाव्यात, कारण कमांड लाइनसाठीची त्याच नावाची फाइल वेगळी असते, आणि त्यानंतर एफपीएम सेवा रीलोड केल्याशिवाय बदल लागू होत नाहीत.