स्लीव्ह का जाड कार्ड?
स्वतः बनवत असलेल्या पत्त्यांच्या गेमची ट्रायलची पानं करायची असतील आणि नियम अजून रोज बदलत असतील तर भावा, स्लीव्हच घे, म्हणजे पान घालायचं पारदर्शक प्लास्टिकचं पाकीट. आत जुन्या कॅटमधलं पान, त्याच्यावर साध्या ए४ वरची प्रिंट, ६३ बाय ८८ मिमीची ९ पानं एका शीटवर बसतात, आणि आकडा बदलला की चिठ्ठी ओढून पेननं लिहिलेली दुसरी सरकवायची, पिसायलाबी भारी. पुढच्या गेमला तेच स्लीव्ह चालतात.

३०० जीएसएमचं, म्हणजे जाड कागदाचं, कार्ड कोल्हापुरात राजारामपुरीत प्रिंट करून आणलं तर दिसतंय लई देखणं, पण कटर १ मिमी जरी सरकला की ते पान गड्डीत लगेच ओळखू येतं, मग लपवायचं काय? आणि आपल्या पावसाळ्यात पानं वाकतात ते वेगळंच. नियम पक्के झाल्यावर करा की, कोपरे गोल करून.