मूळव्याध: औषध, क्षारसूत्र की रबर बँड?

'मोड आलाय, वैद्यांकडे जाऊ की सर्जनकडे?' असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: मोड आपसूक आत जातो, बोटाने ढकलावा लागतो, की ढकलूनही जात नाही? निम्मा निर्णय तिथेच होतो.

सुश्रुतांनीही अर्शाचं, म्हणजे मूळव्याधीचं, रूप बघूनच उपाय ठरवले. नुकता झालेला, थोड्या त्रासाचा अर्श औषधाने. मऊ, पसरलेला, खोल गेलेला क्षाराने, म्हणजे वनस्पतींच्या राखेतून काढलेल्या दाहक औषधाने. खरखरीत, कठीण असेल तर अग्नीने डाग देऊन. बारीक मुळाचा शस्त्राने. आयुर्वेदात कापाकापी नाही, हा समज इथेच गळून पडतो.

मोड बाहेर येत नसेल किंवा आपोआप आत जात असेल, तर औषधाला मनापासून संधी द्या. रात्री त्रिफळा, किंवा भरपूर पाण्यासोबत इसबगोल, आणि जेवणात सुरण. वात-कफाच्या अर्शावर ताकाहून श्रेष्ठ औषध नाही, असं चरकसंहिता सांगते. लोणी काढलेलं ताजं ताक, ओवा नि सैंधव घालून. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसलं की ठणका उतरतो. कुंथणं आणि मोबाइल घेऊन संडासात बसणं सुटलं नाही, तर मात्र हे सगळं वाया जातं. आणि बिब्बा! ग्रंथांत त्याची थोरवी आहे, पण तो अंगावर उततो, म्हणजे फोड आणतो. स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नका.

बोटाने ढकलावा लागणाऱ्या मोडासाठी खरी तुलना क्षारसूत्र आणि रबर बँडची. क्षारसूत्र म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस लेप दिलेला पिवळसर दोरा. तो मोडाच्या मुळाशी बांधतात, मोड सुकून गळतो. भूल लागते, पहिले काही दिवस दुखतं. रबर बँड म्हणजे मोडाच्या मुळाशी घट्ट बसवलेलं रबरी कडं, त्यानेही मोड सुकून गळतो. तो आतल्या, म्हणजे गुदद्वाराच्या आत उगवलेल्या मोडालाच बसतो. तिथे वेदना कमी कळते, म्हणून बहुधा भूल न देता ओपीडीतच काम होतं. मात्र पुन्हा बसवावा लागू शकतो. आतला मोड असेल तर मी आधी बँड सुचवेन, मोठा आणि बाहेरपर्यंत आलेला असेल तर क्षारसूत्र किंवा ऑपरेशन. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कुठेही गेलात तरी आधी सांगा.

क्षारसूत्र करायचं तर शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियेत, एम.एस. केलेल्या वैद्यांकडेच. आणि चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदाच रक्त पडत असेल, वजन घटत असेल, शौच काळं होत असेल, तर मूळव्याध धरून न चालता आधी आतड्याची तपासणी करून घ्या.