गलेट-पट्टी बदलता येणारे खोगीर: उपयोग आणि मर्यादा

घोड्याचे वजन आणि खांद्यामागचे स्नायू ऋतूनुसार व सरावानुसार बदलत असल्याने, ज्याच्या पुढच्या भागातील धातूची कमान, म्हणजे गलेट-पट्टी, बदलता येते असे विंटेक या ब्रँडचे खोगीर मला अतिशय उपयुक्त वाटले. पट्ट्यांना रुंदीनुसार रंग दिलेले आहेत. अरुंद पिवळी, मध्यम काळी, रुंद लाल. पट्टी बदलायला साधा स्क्रूड्रायव्हर पुरतो, मात्र सर्व स्क्रू घट्ट बसल्याची खात्री करूनच स्वार व्हावे.

माप तपासताना नमदा (खोगिराखाली घालायचा जाड कापडी थर) न घालता खोगीर पाठीवर ठेवावे. पट्टी अरुंद असल्यास ते पुढून उचलले जाते आणि बसणारा मागे कलतो. रुंद असल्यास ते पुढे झुकून खांद्याच्या उंचवट्यावर टेकू लागते. स्वार बसल्यावरही तेथे दोन-तीन बोटांची मोकळी जागा राहिली पाहिजे.

पट्टीने केवळ पुढची रुंदी बदलते. पाठीचा बाक किंवा पॅनलमधील (पाठीवर टेकणाऱ्या खोगिराच्या खालच्या उशांमधील) भरावाचा असमतोल हे तिच्या आवाक्याबाहेरचे काम असून त्यासाठी जाणकार कारागीरच हवा. अरुंद खोगिराखाली जाड नमदा सरकवण्याची प्रचलित युक्ती तर मला मुळीच पटत नाही, कारण त्यामुळे खांद्यांवरचा दाब उलट वाढतो.