ईस्टरची अंडी घरी करायची, तर चॉकलेट कोणतं घ्यायचं?

बेकिंगच्या दुकानात दोन लाद्या शेजारीशेजारी असतात, दिसायला सारख्याच. एक कंपाउंड, दुसरी कुव्हर्चर आणि बरीच महाग. खरा फरक पाकिटाच्या मागे छापलेला असतो. कुव्हर्चरमध्ये स्निग्धांश कोको बटरचा, कंपाउंडमध्ये पाम कर्नलसारख्या वनस्पती तेलाचा.

कंपाउंड डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात वितळवा, साच्यात ओता, झालं. कुव्हर्चरचे मात्र लाड करावे लागतात. कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठतं आणि चकाकी व कुरकुरीतपणा देणारं रूप त्यातलं एकच. ते मिळवण्यासाठी टेंपरिंग. डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवायचं, 27-28 पर्यंत उतरवायचं, पुन्हा 31-32 वर आणायचं. थर्मामीटर हवाच, अंदाजपंचे चालत नाही. चुकलं तर दोन दिवसांत अंड्यावर पांढरट बुरशीसारखे डाग दिसतात. ती बुरशी नसते, खायला हरकत नाही, पण भेट म्हणून द्यायला मन धजत नाही.

अंड्याच्या पोकळ कवचासाठी मात्र टेंपरिंगचा एक मोठा फायदा आहे. नीट टेंपर झालेलं चॉकलेट गोठताना आकसतं आणि साच्यापासून आपोआप सुटतं. पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक साचा उलटा करून बाहेरून बघायचा. सगळीकडे धुकं धरल्यासारखं दिसलं की साचा हलकेच ठोका, कवच हातात. कुठे ओला, गडद डाग दिसला तर अजून चिकटलेलं आहे, घाई नको. कंपाउंड तितकं आकसेलच असं नाही, म्हणून त्याला लवचीक सिलिकॉनचा साचा बरा. चकाकी थोडी कमी येते, इतकंच.

पाण्याचा थेंब दोघांनाही चालत नाही. एकदा वाफेचं पाणी भांड्यात गळलं आणि माझ्या कुव्हर्चरचा रेतीसारखा गोळा झाला. गरम क्रीम घालून त्याचं गनाश केलं, ते घरात दुप्पट वेगानं संपलं.

आणि उन्हाळा! पोकळ चॉकलेट अंडं 1873 साली फ्राय कंपनीनं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या थंडीत बाजारात आणलं. ईस्टर येतो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान, म्हणजे आपल्याकडे पंखाही घामाघूम. कुव्हर्चरला एसीची खोली लागते, वीस-बावीस अंशांची. एसी नसेल तर सरळ कंपाउंड घ्या, हट्ट नको. गोव्यातल्या आणि वांद्र्याच्या घरांतली मार्झिपॅनची (काजू किंवा बदामाची पूड आणि साखरेच्या गोळ्याची) अंडी याच हवेत सुखानं टिकतात, हे काही उगाच नाही.

माझं ठरलेलं आहे. मुलांच्या घोळक्यासाठी वीसेक छोटी अंडी कंपाउंडची, कारण चांदीचा कागद सोलल्यावर चकाकी बघायला कुणी थांबत नाही. कुणाला खास द्यायचं एखादं मोठं अंडं तेवढं कुव्हर्चरचं. दोन्हींत जोडणी एकच: दोन अर्ध्यांच्या कडा कोमट तव्यावर क्षणभर टेकवायच्या आणि लगेच एकमेकींवर दाबायच्या. हात थंड ठेवा, नाहीतर बोटांचे ठसे उमटतात.