टक्कल वेगळे, मुंडण वेगळे : बायबलवरील एका ऑनलाइन वर्गाविषयी

बायबलच्या काळातील टक्कल आणि मुंडण या विषयावरील चार सत्रांचा मराठी ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. विषय ऐकून घरी हशा पिकला होता; परंतु पडलेले टक्कल आणि केलेले मुंडण यांची पहिल्याच सत्रात जी फारकत करून दाखवण्यात आली, तेवढ्यानेच फी वसूल झाली. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या 13व्या अध्यायानुसार डोक्याचे केस गेलेले असोत किंवा कपाळाच्या बाजूचे, माणूस शुद्धच ठरतो. त्या टकलावर तांबूस-पांढरा चट्टा उठला, तरच याजकाने तपासून निर्णय द्यायचा असतो.

दुसरे सत्र सर्वांत सरस झाले. ईयोब या भक्ताने मुले मरण पावल्यावर डोके मुंडले, हे वाचताना आपल्याला वडिलांच्या मागे क्षौर करणारा मुलगा आठवतो आणि आपण लगेच मान डोलावतो. शिक्षकांनी नेमके तिथेच थांबवले. मृतासाठी कपाळावरचे केस काढू नयेत, असे अनुवाद 14 मध्ये स्पष्ट बजावलेले असताना, यशया 22 मध्ये परमेश्वर स्वतःच लोकांना रडायला व डोके मुंडायला बोलावतो, हा पेच त्यांनी घाईने न सोडवता उघडा ठेवला, ते मला आवडले. शोकात ‘नेशेर’ पक्ष्यासारखे टक्कल करा, ही मीखा 1:16 मधील उपमा समजावताना त्यांनी गिधाडाचे छायाचित्र दाखवले. हा मूळ हिब्रू शब्द गरुडालाही लागतो. पण गरुडाचे डोके पिसांनी भरलेले असते, त्यामुळे मुंडलेल्या डोक्याला शोभते ते गिधाडच.

पुढे मात्र गाडी घसरली. अलीशा संदेष्ट्याला टकल्या म्हणून चिडवणारी पोरे आणि त्यांच्यातल्या 42 जणांना फाडणाऱ्या दोन अस्वली यांची बोळवण दहा मिनिटांत झाली, वास्तविक सर्वाधिक प्रश्न त्यावरच आले होते. नाजीराने, म्हणजे नवसाने स्वतःला परमेश्वराला वाहून घेतलेल्या माणसाने, नवस फेडताना दर्शनमंडपाच्या (मंदिराआधीच्या उपासनेच्या तंबूच्या) दाराशी डोके मुंडून ते केस शांत्यर्पणाच्या बळीखालच्या अग्नीत टाकावेत, असे गणना 6 सांगते. मग प्रेषित पौलाने नवसापायी, मंदिर असलेल्या यरुशलेमपासून इतक्या दूर, किंख्रिया बंदरात केस का कापले, हा माझा प्रश्न ‘पुढच्या सत्रात’ म्हणून टोलवला गेला. तो शेवटच्या सत्रात विचारला होता.

ध्वनिमुद्रण मिळत नाही आणि वचने पडद्यावर दिसत नाहीत, तेव्हा पवित्र शास्त्र व वही जवळ घेऊनच बसावे.