फेंगशुई सल्लागार निवडताना: लुओपानवाले, दारापासून मोजणारे आणि वस्तू विकणारे

मुंबई-पुण्याकडे फेंगशुईचा सल्ला देणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे भेटतात. पहिले, लुओपान हे चिनी होकायंत्र घेऊन मोजमाप करणारे पारंपरिक पद्धतीचे. दुसरे, थॉमस लिन युन यांनी अमेरिकेत रुजवलेल्या ‘ब्लॅक हॅट’ पंथाचे, जे दिशा न पाहता प्रवेशदारापासून घरातल्या धन, आरोग्य वगैरेंच्या जागा दाखवणारा नकाशा मांडतात. आणि तिसरे, वास्तुशास्त्र व फेंगशुई यांची सांगड घालून बहुधा वस्तूही विकणारे. घराच्या दिशेमुळे नशीब पालटते याला वैज्ञानिक पुरावा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही ज्यांना सल्ला घ्यायचाच आहे, त्यांनी सल्लागार आपल्या पद्धतीला धरून चालतो का आणि त्याची कमाई सल्ल्यातून होते की भीतीतून, या दोन गोष्टी पारखून घ्याव्यात.

तिघांमधला फरक एकाच फ्लॅटवर ताडून पाहता येतो. समजा, दार पश्चिमेच्या भिंतीत आहे. ब्लॅक हॅटवाला आत शिरल्यावर डाव्या हाताचा सर्वांत आतला कोपरा धनाचा मानेल, म्हणजे या घरात ईशान्य. दिशांनुसार अष्टकोनी नकाशा लावणारा आग्नेयेकडे बोट दाखवील. वास्तुशास्त्रात उत्तर ही कुबेराची. यांपैकी कोणतीही एक पद्धत धरली तर निदान सल्ल्यात सुसंगती राहते. संमिश्र सल्लागार मात्र उत्तरेला तिजोरी, आग्नेयेला रोप आणि ईशान्येला स्फटिक असे तिन्ही सुचवू लागला, तर तो कोणत्या नियमाने चालला आहे हे विचारावे. उत्तराऐवजी वस्तूंची यादी मिळाली तर तिथेच थांबावे.

पारंपरिक सल्लागाराची पारख करणे तुलनेने सोपे आहे, कारण त्याच्या कामात चूक दिसू शकते. लुओपानवर 24 विभाग असतात आणि प्रत्येक 15 अंशांचा असतो. त्यामुळे सीमेजवळच्या घराच्या बाबतीत दोन-तीन अंशांची चूकसुद्धा संपूर्ण गणित बदलते. आरसीसी इमारतीत सळया, लिफ्ट आणि लोखंडी ग्रिल यांच्याजवळ सुई हलते, म्हणून जाणकार माणूस दारापासून थोडे दूर जाऊन, वेगवेगळ्या ठिकाणी उभा राहून मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. मोबाइल खिशातून काढून एकदाच पाहणारा आणि लगेच निदान करणारा या पद्धतीचा नव्हे. ‘उडत्या ताऱ्यां’चे, म्हणजे काळ आणि दिशा यांवरून घराचे शुभाशुभ काढण्याचे गणित करणारा इमारत कधी बांधली किंवा तुम्ही राहायला कधी आलात हेही विचारतो, कारण 20 वर्षांच्या कालखंडांपैकी आठवा 2004 मध्ये आणि नववा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. जन्मवर्षावरून व्यक्तीचा अंक काढताना वर्षाची सुरुवात 4 फेब्रुवारीच्या आसपास धरतात. जानेवारीत जन्मलेल्याला जन्मतारीख न विचारताच, नुसत्या वर्षावरून अंक सांगितला, तर गणित कच्चे आहे असे समजावे. मोजमापाबरोबर रस्ता, उतार, समोरची इमारत हेही पाहावे लागते. म्हणूनच फक्त व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्लॅनवरून दिलेला सल्ला अपुरा.

ब्लॅक हॅटवाल्याला अशी मोजमापे लागत नाहीत, त्यामुळे त्याची परीक्षाही तशी घेता येत नाही. भाड्याच्या घरात, जिथे काही तोडफोड करायची नाही, तिथे तो स्वस्त आणि निरुपद्रवी ठरू शकतो, फक्त या पंथाच्या रिवाजाप्रमाणे मानधन म्हणून लाल पाकिटातून द्यायची रक्कम आधी ठरवावी.

तिसऱ्या प्रकारात लाफिंग बुद्धा आणि तीन पायांचा बेडूक विकला जाणे हा तसा किरकोळ भाग आहे. खरा धोका आहे तो ‘दोष’ सांगून दरवर्षी नवा उपाय लावण्याचा, किंवा शौचालय हलवायला, भिंत पाडायला लावण्याचा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत आणि सोसायटीची परवानगी यांचा उल्लेखही न करता तोडफोड सुचवणाऱ्याला घरात पाऊल टाकू देऊ नये.

पारंपरिक म्हणजे आपोआप प्रामाणिक, असेही नाही. हाँगकाँगमध्ये, जिथे ही विद्या जन्मभूमीच्या इतकी जवळ आहे, अब्जाधीश नीना वाँग यांचे फेंगशुई सल्लागार टोनी चॅन यांनी त्यांच्या मृत्यूनंतर संपत्तीवर मृत्युपत्राच्या आधारे हक्क सांगितला. ते मृत्युपत्र बनावट ठरले आणि 2013 मध्ये चॅन यांना 12 वर्षांची शिक्षा झाली. ज्ञानाइतकेच माणसाचे व्यवहारही तपासावेत, ते यासाठी.

नवे घर घ्यायचे असेल तर, माझ्या मते, टोकन देण्याआधी पारंपरिक सल्लागाराला ठरावीक शुल्कावर बोलवावे. घर घेऊन झाल्यावर दोष ऐकण्यात अर्थ नसतो. तिसऱ्या प्रकारच्या माणसाकडे जायचेच झाले, तर वस्तू त्याच्याकडून घेणार नाही असे पहिल्याच फोनवर सांगून पाहावे. एरवी कोणाकडूनही भेटीपूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: शुल्क किती, त्यात प्लॅनसह अहवाल मिळेल का, आणि पुन्हा यायचे झाल्यास वेगळे पैसे लागतील का.