जावासाठी इंटेलिजे, व्हीएस कोड की विम?

ही तिन्ही कोड लिहायची साधनं. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतलं काम मोठं असेल, म्हणजे स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क, मेव्हन या बिल्ड टूलची चार-पाच मॉड्यूल आणि शेकडो क्लास, तर सरळ इंटेलिजे आयडिया घ्या. व्हीएस कोडमध्येही तेच काम होतं, पण अडखळत. फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो नाव बदलताना.

समजा, ‘कस्टमर’ क्लासमधल्या ‘गेटनेम’ मेथडचं (क्लासमधल्या फंक्शनचं) नाव ‘गेटफुलनेम’ करायचंय. नोटपॅड++ किंवा विमसारख्या साध्या एडिटरमध्ये सगळ्या फाइलींवर फाइंड-रिप्लेस चालवलं, की ‘प्रॉडक्ट’ आणि ‘ब्रँच’मधलं ‘गेटनेम’ही बदलतं; एडिटरला फक्त अक्षरं दिसतात. इंटेलिजेत नावावर कर्सर ठेवून शिफ्ट+एफ६ दाबा, टाइप तपासून नेमक्या तेवढ्याच जागा बदलतात. तरी एक खड्डा उरतोच. जावातला डेटा जेसन या मजकुराच्या रूपात पाठवणारी जॅक्सन लायब्ररी गेटरच्या (‘गेट’नं सुरू होणाऱ्या मेथडच्या) नावावरून जेसनमधली की, म्हणजे त्या माहितीचं नाव, ठरवते. ‘नेम’ऐवजी ‘फुलनेम’ जायला लागतं, कंपाइल बिनतक्रार होतं आणि जुनी की शोधणाऱ्या स्क्रीनवर ग्राहकाचं नाव गायब! म्हणून आधी त्या गेटरवर जेसनप्रॉपर्टीचं ॲनोटेशन लावून जुनी की पक्की करा, मग नाव बदला.

इंटेलिजेची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. हीपची, म्हणजे त्याला वापरता येणाऱ्या मेमरीची, मर्यादा मुळात २०४८ एमबी असते. हेल्प मेनूतल्या ‘चेंज मेमरी सेटिंग्ज’मधून ती वाढवता येते, पण ८ जीबीच्या लॅपटॉपवर ४०९६ करू नका. क्रोम, डॉकर आणि तुमचं ॲप्लिकेशनही त्याच रॅमवर चालतं. रॅम संपून मशीन स्वॅपमध्ये गेलं, म्हणजे डिस्क वापरायला लागलं, की टाइप केलेलं अक्षरही उशिरा उमटतं. इंडेक्सिंग (प्रोजेक्टमधल्या फाइलींची सूची बनवणं) लांबत असेल, तर लॉग, डंप, नोड मॉड्यूल्स असे फोल्डर राइट क्लिक करून ‘मार्क डिरेक्टरी ॲज’मधून ‘एक्सक्लूडेड’ करा. यानं खरंच फरक पडतो.

व्हीएस कोड हलका म्हणून जावासाठी घेणाऱ्यांनी टास्क मॅनेजर उघडून पाहावा. रेड हॅटचं जावा एक्स्टेंशन मागे एक्लिप्सचा लँग्वेज सर्व्हर (कोडचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम) चालवतं, म्हणजे जावाची वेगळी प्रोसेस आलीच. गिटची ब्रँच बदलल्यावर कधी कधी मेव्हन बिल्ड पास होतो, पण एडिटरमधल्या चुका दाखवणाऱ्या लाल रेघा जात नाहीत. अशा वेळी कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून ‘क्लीन जावा लँग्वेज सर्व्हर वर्कस्पेस’ चालवा आणि रीस्टार्ट करा. टाइपस्क्रिप्टसाठी मात्र माझी पसंती व्हीएस कोडलाच. तिथे भाषेची जाण आतच आहे, वेगळं काही जोडावं लागत नाही.

साधा एडिटर तरीही हवाच. इंटेलिजे २५०० केबीपेक्षा मोठ्या फाइलीत कोडची मदत बंद करतं, त्यामुळे मोठे लॉग आणि एसक्यूएल डंप त्यात उघडण्यात अर्थ नाही. नुसतं वाचायचं असेल तर टर्मिनलमधलं ‘लेस’, दुरुस्ती करायची असेल तर विम. सर्व्हरवर दुरून, एसएसएचनं काम करताना कनेक्शन तुटलं, की तीच फाइल पुन्हा उघडताना विम ई३२५ची सूचना देतं: स्वॅप फाइल, म्हणजे सेव्ह न केलेल्या बदलांची विमनं ठेवलेली प्रत, सापडली आहे. घाईत डिलीट दाबू नका. आर दाबून रिकव्हर करा, मजकूर तपासून सेव्ह करा आणि मगच स्वॅप फाइल काढा. ती राहिली, तर पुढच्या वेळी तीच सूचना पुन्हा येते.